लहान व्यावसायिकांसाठी संगणकीय विचारपद्धती: एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

लहान व्यवसाय चालवणाऱ्यांना संगणकीय विचारपद्धती, म्हणजे समस्या नेमकी मांडून, सुटसुटीत करून टप्प्याटप्प्याने सोडवण्याची रीत, शिकवणारा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. नाव ऐकून प्रोग्रॅमिंगची धास्ती वाटण्याचे कारण नाही, कारण संपूर्ण अभ्यासक्रमात कोडची एकही ओळ लिहावी लागत नाही आणि कागद, पेन्सिल व फार तर एक साधी स्प्रेडशीट एवढ्यावर काम भागते. संगणकशास्त्रज्ञांची ही विचार करण्याची रीत प्रत्येकालाच उपयोगी आहे, असा आग्रह संगणकशास्त्रज्ञ जॅनेट विंग यांनी २००६ साली एका छोट्या लेखात धरला होता आणि तेव्हापासून या विषयाची चर्चा वाढली. हा इतिहास पहिल्या पाठातच उरकला आहे, हे बरे झाले.

अभ्यासक्रमाचे खरे बळ समस्येची मांडणी शिकवणाऱ्या दुसऱ्या भागात आहे. ‘धंदा मंदावला आहे’ किंवा ‘माणसे पुरत नाहीत’ अशी वाक्ये येथे जशीच्या तशी स्वीकारली जात नाहीत. आपल्या हाती कोणती माहिती आहे, शेवटी नेमके काय हवे आहे, कोणत्या मर्यादा ओलांडता येणार नाहीत आणि सुधारणा झाली हे कशावरून ओळखायचे, असे चार रकाने प्रत्येक तक्रारीपुढे भरावे लागतात. चौथ्या रकान्यापाशी बहुतेकांची लेखणी अडते, असा माझा अंदाज आहे.

या भागातील सर्वांत चांगले उदाहरण उपकरणे दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाचे आहे. दुरुस्तीला फार दिवस लागतात, म्हणून आणखी एक कारागीर ठेवावा, असे मालकाचे म्हणणे असते. दररोज सरासरी ८ उपकरणे येतात आणि प्रत्येक उपकरण सरासरी ५ दिवस दुकानात राहते, म्हणजे कोणत्याही दिवशी फळीवर सुमारे ४० उपकरणे असणार. हे गणित जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेल्या नियमाचे आहे आणि ते तोंडी करता येते. त्यानंतर पाच दिवसांची फोड केली जाते: उपकरण कधी आले, बिघाड कधी समजला, सुटा भाग कधी मागवला, तो कधी मिळाला, दुरुस्ती कधी संपली आणि ग्राहकाने ते कधी नेले. प्रत्यक्ष दुरुस्तीला दीड-दोन तासच लागतात, जवळजवळ तीन दिवस सुट्या भागाची वाट पाहण्यात जातात आणि तयार झालेले उपकरणही ग्राहकाला कळवायचे राहून गेल्याने एक दिवस तसेच पडून राहते, असे या फोडीतून दिसते. ग्राहकाला त्याच दिवशी फोन केला आणि त्याने लगेच उपकरण नेले, तर फळीवरची संख्या ४० वरून ३२ वर येते. कारागिराच्या पगाराचा प्रश्न तेथे उरतच नाही, कारण मालकाने सोडवायला घेतलेली समस्या वेगळीच होती.

एवढ्या नेटक्या उदाहरणानंतर तिसरा भाग पाल्हाळिक वाटतो. फ्लोचार्टमधील, म्हणजे कामाचे टप्पे दाखवणाऱ्या आकृतीतील, चौकटींचे आकार समजावण्यात एक संपूर्ण पाठ खर्ची पडला आहे, जे एका पानाचे काम होते. मालाची फेरमागणी केव्हा करावी याचा नियम मात्र उत्तम समजावला आहे: रोज ६ नग खपत असतील, माल यायला ५ दिवस लागत असतील आणि हाताशी १० नग राखीव ठेवायचे असतील, तर साठा ४० वर येताच मागणी नोंदवावी. एका वेळी किती माल मागवावा, यासाठी फोर्ड हॅरिस यांनी १९१३ साली मांडलेले सूत्र दिले आहे. परंतु ते वर्षभर खप एकसारखा राहतो असे गृहीत धरते, ही गोष्ट शिक्षक ओझरती सांगून पुढे जातात. हंगामी व्यवसाय असलेल्या माणसाने ते सूत्र डोळे झाकून वापरले, तर ऐन हंगामात माल संपेल आणि नंतर तोच माल अंगावर पडेल.

माझी मुख्य तक्रार अमूर्तीकरणाच्या भागाबद्दल आहे. समस्या सुटसुटीत करण्यासाठी कोणता तपशील वगळायचा हे ठरवणे या पद्धतीतले सर्वांत अवघड काम, आणि येथे त्याची बोळवण दोन सरावप्रश्नांत केली आहे. उधारी वसुलीच्या उदाहरणात सर्व ग्राहक केवळ थकीत रक्कम आणि उशिराचे दिवस यांवरून क्रमाने लावले जातात; जुना, मोठा, पण नेहमीच उशिरा पैसे देणारा ग्राहक या यादीत बुडव्यांच्या पंक्तीला जाऊन बसतो. पहिला थकलेला हप्ता आणि नेहमीची सवय यांत फरक करणारा एक रकाना वाढवला असता, तरी हे उदाहरण व्यवहाराच्या जवळ आले असते. तयार केलेला नियम मागील नोंदींवर हाताने चालवून कसा तपासावा, यालाही अर्ध्या पानाहून अधिक जागा मिळालेली नाही.

स्वाध्यायांवरील अभिप्राय उशिरा येतात, परंतु ते आपली उत्तरे नीट वाचून लिहिलेले असतात. ज्यांच्याकडे विक्री, साठा आणि येणी यांच्या थोड्याफार तारीखवार नोंदी आहेत, त्यांनी हा अभ्यासक्रम अवश्य करावा आणि दुसऱ्या भागाला सर्वाधिक वेळ द्यावा. ज्यांचा सगळा हिशेब डोक्यातच आहे, त्यांनी आधी महिनाभर एका वहीत तारखा टिपाव्यात; त्याशिवाय दुसऱ्या भागातील पहिलाच रकाना रिकामा राहील.