मूडल आणि स्कॉर्म: काही महिने वापरल्यावर

कारखान्यातल्या कामगारांचं सुरक्षा-प्रशिक्षण आम्ही गेले काही महिने मूडलवर चालवतोय. मार्टिन डुगियामास यांनी 2002 मध्ये आणलेली ही ऑनलाइन कोर्स चालवायची प्रणाली फुकट आहे, मराठीतही चालते, आपल्याच सर्व्हरवर बसवता येते. मी तिच्यावर खूश आहे. पण प्रणाली निवडताना जेवढा खल करतो, तेवढाच तिच्यात चढवायच्या कोर्सबद्दल करायला हवा, हे मला कळकळीनं सांगायचंय.

बाहेरून घेतलेला एक लांबलचक कोर्स होता. कामगार थोडा करून शिफ्टला जायचे आणि पुन्हा उघडला की कितीही पुढे गेलेले असोत, मधल्या त्याच एका स्लाइडवर यायचे. सगळे नेटला दोष देत होते. स्कॉर्म म्हणजे कोर्स आणि प्रणाली यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचं मानक. मूडलच्या स्कॉर्म अहवालात एकेका माणसाच्या नोंदी उघडून पाहिल्या. ‘सस्पेंड डेटा’ म्हणजे कोर्स कुठवर आलाय हे साठवायची जागा. ती काठोकाठ भरली होती. स्कॉर्म 1.2 हे 2001 चं मानक; त्यात या जागेला 4096 अक्षरांची मर्यादा आहे. हा कोर्स प्रत्येक क्लिक तिथं कोंबत होता. मर्यादा ओलांडली की नवी नोंद नाकारली जायची आणि जुनीच शिल्लक राहायची. मूडलमध्ये ही मर्यादा काटेकोर पाळण्याची सेटिंग असते. आमच्याकडे ती चालू होती. बंद केली आणि गाडी रुळावर आली. बिचाऱ्या कामगारांनी तोवर तेच धडे किती वेळा पाहिले असतील!

दुसरी गोष्ट, 1.2 मध्ये ‘पूर्ण’ आणि ‘उत्तीर्ण’ यांना मिळून एकच रकाना आहे. स्कॉर्म 2004 मध्ये ते वेगळे झाले, सस्पेंड डेटाची जागाही पुढच्या आवृत्त्यांत 64,000 अक्षरांपर्यंत वाढली. पण मूडल अधिकृतपणे 1.2 च चालवतं. त्यामुळे विक्रेत्याकडून आधी नमुन्याची झिप मागवा, चढवा, अर्ध्यावर सोडून परत उघडा, मुद्दाम नापास होऊन बघा. मगच पैसे द्या.

अग्निशामक हाताळण्याचा सराव मात्र स्क्रीनवर होत नाही, मैदानावर होतो. त्यासाठी 2013 मध्ये आलेलं एक्सएपीआय हे शिकण्याच्या नोंदींचं दुसरं मानक बरं वाटतंय: कोणी, काय केलं, कशावर, अशी साधी विधानं. ती साठवायला वेगळं एलआरएस, म्हणजे अशा नोंदींचं कोठार, लागतं. त्याच्या खर्चाचा हिशोब सध्या चालू आहे.