निफाड ते नाशिक, रोज: एका हातमोज्याच्या जोडीचे आठ महिने

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी सातला पहिला पेशंट उपाशीपोटी समोर बसलेला असतो आणि त्याची शीर मला तर्जनीच्या टोकाने चाचपून शोधायची असते. निफाडहून चाळीसेक किलोमीटर बाईक चालवून आल्यावर बोट सुन्न असेल तर शीर लागतच नाही. मागच्या वर्षी जानेवारीत एका आजींना मी दोनदा टोचलं आणि दोन्ही वेळा चुकले. त्या रागावल्या नाहीत. "राहू दे गं बाई, हात बघ किती गार पडलेत तुझे," म्हणाल्या आणि माझेच हात त्यांनी आपल्या पदरात धरले. मला फार लागलं ते. हातमोज्यांचा नीट विचार मी तेव्हापासून करायला लागले.

त्याआधी सगळे उपाय करून झाले होते. लोकरीचे मोजे: वारा आरपार. रस्त्यावरचे साडेतीनशेवाले 'लेदर' ग्लोव्ह्ज: पहिल्या पावसात रंग हाताला लागला. मग लॅबमधले पातळ रबरी नायट्राइल ग्लोव्ह्ज लोकरीच्या मोज्यांच्या आत घालून पाहिले. पहिली दहा मिनिटं बरं वाटतं. नंतर घाम आतच साचतो, बोटं पांढरी सुरकुततात आणि ओली असल्यामुळे जास्तच गारठतात. घामाला बाहेर पडायला वाट हवी, पाण्याला आत यायला नको. वॉटरप्रूफ हातमोज्यात बाहेरचं कापड आणि आतलं अस्तर यांच्यामध्ये जो पातळ पडदा असतो, तो याच कामाचा. दुकानदार त्याला मेम्ब्रेन म्हणतात.

जूनच्या शेवटी जोडी घेतली, ४,२०० रुपयांना. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझ्यासाठी मापाचा प्रश्न नावापेक्षा मोठा होता. अंगठा सोडून तळव्याभोवती टेप गुंडाळली की माझा हात १८ सेंटिमीटर भरतो. नाशिकच्या तिन्ही दुकानांत 'एम'च्या खाली काही नव्हतं. "थोडा सैल चालतो मॅडम," हे तिन्हीकडे ऐकलं. नाही चालत. बोटाच्या टोकाशी कापड लोंबत असेल तर क्लच दाबताना ते लिव्हर आणि मुठीच्या मध्ये सापडतं. घट्टही नको, रक्त अडलं की कितीही अस्तर असलं तरी बोट गारच राहतं. मी 'एस' मागवून घेतला, तीन आठवडे थांबले आणि दुकानाबाहेर माझ्याच बाईकवर बसून पारखला. क्लच, ब्रेक, हॉर्न, इंडिकेटर, सगळं दाबून पाहिलं. मूठ वळल्यावर टोकाशी जेमतेम तांदळाएवढी जागा उरली, तेव्हा पैसे दिले.

आतली चिठ्ठी वाचायला विसरू नका. बाईकच्या हातमोज्यांसाठी युरोपचं ईएन १३५९४ हे मानक आहे. चिठ्ठीवर मोटारसायकलस्वाराचं चित्र, त्याखाली संरक्षणाच्या पातळीचा १ किंवा २ हा आकडा, आणि कधी पुढे 'केपी'. केपी म्हणजे बोटांच्या सांध्यांवरचं कवच आघाताच्या चाचणीत उतरलंय. पहिल्या पातळीला ती चाचणी ऐच्छिक आहे, म्हणून वर कडक प्लॅस्टिक दिसतंय एवढ्यावर समाधान मानू नये. माझ्या जोडीवर '१ केपी' आहे.

पावसाळ्यात चौथ्याच दिवशी आत पाणी आलं आणि मी हिरमुसले. फसवलं असंच वाटलं. घरी प्रत्येक बोटात टिश्यू पेपरची सुरळी घातली, मनगटाची कड वर धरून मोजा बादलीत दहा मिनिटं दाबून ठेवला. टिश्यू कोरडेच निघाले. मग पाणी येतंय कुठून? दुसऱ्या दिवशी ओढा गावाच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली आणि निरखून पाहिलं. आपल्या साध्या बाईकवर कोपर वर आणि मनगट खाली असतं. रेनकोटच्या बाहीवरचा सगळा ओघळ खाली येतो, आणि लांब कफाचा मोजा बाहीवरून चढवलेला असला की तो नरसाळ्यासारखा ते पाणी आत घेतो. म्हणजे पावसात बाही मोज्याच्या वर हवी. पण रेनकोटच्या बाहीचं इलॅस्टिक त्या जाड कफावर चढेना. शेवटी आमच्या शिंपीकाकांनी बाही चार बोटं उसवून तिथे वेल्क्रो लावून दिलं, ६० रुपयांत. त्यानंतर थेट सप्टेंबरपर्यंत हात कोरडे राहिले.

मात्र 'हात कोरडा' आणि 'मोजा कोरडा' यांत फरक आहे. नवेपणी बाहेरच्या कापडावरून पाणी मोत्यांसारखं घरंगळायचं. ऑगस्टच्या मध्यापर्यंत तो लेप गेला आणि कापड पाणी प्यायला लागलं. आतला पडदा शाबूत होता, पण मोजा जड व्हायचा, वाऱ्याने गार पडायचा, घामाची वाफही नीट बाहेर जाईना. परत फवारायचा स्प्रे मिळतो, मी उशिरा आणला. वाळवायला वर्तमानपत्राचे बोळे आत घालायचे आणि पंख्याखाली ठेवायचं. चुलीजवळ किंवा फ्रिजच्या मागे ठेवलं तर तळव्याचं चामडं कडक होतं. तरीही संततधारेत रात्रभरात वाळत नाही, हे पक्कं. रोजच्या प्रवासाला एकच जोडी पुरेल असं मी कुणालाही सांगणार नाही.

थंडीचा अनुभव जास्त सविस्तर लिहिते, कारण जोडी घेतली होती ती त्यासाठीच. निफाडची थंडी बाहेरच्यांना बातम्यांमधून माहीत असते. लाट आली की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो आणि द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी बागेत रात्रभर शेकोट्या पेटवतात. हवा ७ अंश असताना ताशी ६० किलोमीटरने गेलं, तर वाऱ्यामुळे उघड्या कातडीला ती जवळजवळ १ अंशासारखी लागते. त्यात चांदोरीला गोदावरीकाठचं धुकं. व्हायझर सारखा पुसावा लागतो, आणि डाव्या तर्जनीवरची रबरी पट्टी इथे फार उपयोगी पडली.

चांदोरी, ओढा, शिलापूरपर्यंत बोटं व्यवस्थित. माडसांगवीच्या पुढे उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका गार पडायला लागायच्या, डाव्याच्या नाहीत. ॲक्सिलरेटरची मूठ सतत आवळलेली असते, अस्तर दबतं, दबलं की त्यातली हवा जाते, आणि ऊब त्या हवेचीच असते. आत आणखी एक पातळ मोजा घातला तर मोजा घट्ट होऊन उलट जास्त गार झालं. शेवटी उपाय मनगटात सापडला. नाडी बघतो तिथे रक्तवाहिनी कातडीच्या अगदी लगत असते, बोटांकडे जाणारं रक्त तिथूनच जातं. रोज लोकांचे हात धरते मी, तरी हे सुचायला डिसेंबर उजाडावा लागला. जुन्या लोकरी पायमोज्याची नळी कापून मनगटपट्टी केली, तिच्यावर जर्किनची बाही, बाहीवर मोज्याचा कफ. पावसाच्या अगदी उलट रचना, कारण इथे अडवायचा असतो वारा. स्वेटरही आतून एक जास्त घातला. धड गारठलं की शरीर सगळ्यात आधी बोटांचं रक्त कमी करतं. आता नाशिकच्या नांदूर नाक्याला पोचते तेव्हा बोटं गरम नसतात, पण जागी असतात. पाच मिनिटं चोळली की शीर लागते. या जानेवारीत पहिल्या पेशंटला दुसऱ्यांदा टोचायची वेळ एकदाही आली नाही.

डिसेंबरमध्ये पडलेही. ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल रस्त्यावर, त्यावर दव. वेग पंचवीस-तीसच असेल. पुढचं चाक सरकलं आणि उजवा हात आपोआप पुढे गेला, सगळ्यांचा तसाच जातो. तळव्याच्या मनगटाकडच्या टोकाशी जो कडक गुळगुळीत तुकडा असतो, तो डांबरावर घासत गेला. तिथे हात अडकून न बसता घसरावा, यासाठीच तो असतो. असा हात टेकला की मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडू शकतं, त्याचा रक्तपुरवठा कमी असल्याने ते जुळायला फार वेळ घेतं. माझ्या एका सहकाऱ्याचे तीन महिने त्यात गेले. माझ्या त्या तुकड्यावर चार खोल चरे, तळव्याची शिवण शाबूत, मनगटाचा पट्टा जागच्या जागी. पट्टा सैल असता तर मोजा हातातून निघूनच गेला असता. एक्स-रे स्वच्छ आला, तरी डॉक्टरांनी दहा दिवसांनी पुन्हा बोलावलं, कारण हे मोडणं पहिल्या फोटोत कधीकधी दिसत नाही. दुसराही स्वच्छ आला.

आता तक्रारी. नोव्हेंबरमध्ये उजव्या अनामिकेचं अस्तर बाहेर ओढलं गेलं. ओल्या हाताने मोजा काढला की हे होतं, आणि एकदा झालं की बोट परत आत जाता जात नाही. कंपनीचं उत्तर: अस्तर वॉरंटीत बसत नाही. ४,२०० रुपये घेऊन असं उत्तर मला मुळीच पटलेलं नाही. पेनाच्या मागच्या टोकाने ढकलून ते जागेवर बसवलं, आणि आता आधी हात पुसते, मग प्रत्येक बोट मुळाशी धरून काढते. नव्याने घेणाऱ्यांनी दुकानातच बोटांच्या टोकाला अस्तर चिमटीत धरून ओढून पाहावं. टचस्क्रीनचं बोट दोन महिन्यांत निकामी झालं, त्याचं मला काही वाटत नाही. इंडिकेटरचं बटण जाड अंगठ्याला अजूनही नीट कळत नाही, त्याचं मात्र वाटतं.

या आठवड्यापासून सकाळी उन्हाळ्याची जाळीची जोडी पुरते. ही ओल्या फडक्याने पुसून, कागद भरून कपाटात ठेवली आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. मे संपता संपता स्प्रे मारेन, टिश्यू घालून पुन्हा बादलीत बुडवेन. एकही सुरळी ओली निघाली, तर दुकानात 'एस'ची मागणी तेव्हाच नोंदवून येणार.