कॉम्प्युटर परत आला, पण आमचा आला नाही

सेकंड हँड कॉम्प्युटर घेताना काय बघावं यावर मराठीत ढीगभर लिहून झालंय. विकणाऱ्याला कुणी काही सांगत नाही. विकणारा म्हणजे लबाड, हे धरूनच सगळे चालतात. क्यूआर कोड स्कॅन करायला लावणारा 'आर्मीतला जवान' आणि पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट मालवणच्या बाजारात मासेवालीलाही ठाऊक आहेत. आम्हाला ज्याने बुडवलं त्याने यातलं काहीच केलं नाही. पैसे पूर्ण दिले, वेळेवर दिले, दादा दादा करत दिले. लुबाडलं ते पैसे परत घेताना.

मशीन घरी जोडलेलं. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, डीडीआर४ ३२०० वेगाच्या आठ-आठ जीबीच्या दोन रॅम स्टिक, एक टीबी एनव्हीएमई डिस्क, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड (पुढे नुसतं 'कार्ड'), ५५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा.

आधी किमतीचं सांगतो, कारण 'भाव जास्त लावलात म्हणून असं झालं' म्हणणारे शहाणे भेटलेत. २०२४ च्या गणपतीआधी वापरलेल्या भागांना जे भाव चालू होते तेच धरले: कार्ड ८,५००, प्रोसेसर ४,८००, बोर्ड ४,२००, एनव्हीएमई ४,२००, एसएमपीएस २,५००, रॅम २,४००, कॅबिनेट १,५००. बेरीज २८,१००. मागितले ३१,०००, तुटलं २८,००० ला. जोडणीची मजुरी, रंगीत दिवे, केबली नीट बांधल्याचं कौतुक, यातलं काही धरलं नव्हतं आणि कुणी धरूही नये, बाजार त्याचे पैसे देत नाही. आपण नवीन घेताना किती मोजले ते गिऱ्हाईकासमोर काढूच नका. एसएमपीएस पाच वर्षांच्या वरचा असेल तर शून्य धरा. किनाऱ्यावरच्या मशीनला आणखी कात्री लागते. खाऱ्या हवेने मागच्या पोर्टांवर गंज चढतो, ऑडिओ जॅकभोवती हिरवट थर येतो, स्क्रूंची डोकी तपकिरी पडतात. हे लपवून विकणारे आहेत. आम्ही फोटोत दाखवलं होतं, गंजासकट.

गिऱ्हाईक चाकरमानी. गणपतीला आलेला, विसर्जनानंतर गाडीने मुंबईला परतणारा. त्याच्यासमोर अर्धा तास फरमार्क, म्हणजे कार्डावर ताण देणारा प्रोग्राम, चालवून दाखवला, कार्ड ७१ डिग्रीवर स्थिर. टोकन २,००० आधीच आलेलं, मशीन गाडीत ठेवताना २६,००० यूपीआयने आले. 'सात दिवसांत काही निघालं तर परत घेऊ' हे आम्ही बोललो होतो. गावात धंदा करायचा तर हे बोलावंच लागतं, उद्या त्याच रस्त्याने तोंड वर करून चालायचं असतं.

या माणसाने सौदा ठरायच्या आधी काय विचारलं ते वाचा आणि कुठेतरी लिहून ठेवा. गिऱ्हाईक विचारतं कुठला गेम चालेल, एडिटिंग होईल का, विंडोज ओरिजिनल आहे का. हा विचारत होता कार्डाला पंखे एक की दोन. कार्डाचं नेमकं मॉडेल काय, मागे प्लेट आहे का, पॉवरची पिन आठची एकच ना. कार्डाचे चारी बाजूंनी फोटो मागितले. प्रोसेसरबद्दल अवाक्षर नाही, बोर्डाबद्दल नाही. तेव्हा वाटलं माणूस जाणकार आहे. जाणकार होताच. त्याच्याकडे तसंच दुसरं कार्ड मरणपंथाला लागलेलं होतं आणि तो त्याचा जुळा शोधत हिंडत होता.

ही मरणपंथाची कार्डं येतात कुठून, तेही सांगतो. १६६० सुपर २०२१ मध्ये इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगला, म्हणजे कार्डाकडून हिशेब करवून ते चलन कमवायला, बेफाम वापरलं गेलं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि ही सगळी कार्डं बाजारात ओतली गेली. काही चांगली आहेत. पण रात्रंदिवस मेमरीवर ताण देऊन चालवलेलं, उष्णता बाहेर काढणारं थर्मल पॅड सुकून कडक झालेलं कार्ड डेस्कटॉप व्यवस्थित दाखवतं, व्हिडिओ चालवतं, आणि गेम लावून मेमरी तापली की दहा मिनिटांत पडद्यावर रंगीत ठिपके आणि पट्टे काढून बंद पडतं. असं कार्ड विकता येत नाही. बदलता मात्र येतं.

मुदत संपायच्या आदल्या रात्री त्याचा व्हिडिओ आला: गेम चालू, पडद्यावर हिरवे-गुलाबी ठिपके, मशीन रिस्टार्ट. 'दादा, कार्ड गेलेलं दिलंत.' त्या व्हिडिओत टास्क मॅनेजर क्षणभर दिसतो आणि त्यात मेमरीचा स्पीड २६६६ आहे. आम्ही दिली होती ३२०० ची रॅम. आता कुणी म्हणेल, हे दिसलं नाही का? दिसलं. पण बायोस, म्हणजे बोर्डाची मूळ सेटिंग, रीसेट झालं की एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, बंद होते आणि ३२०० ची रॅम २६६६ वर किंवा त्याहूनही खाली चालते. रोज मशीन हाताळणारा कुणीही हाच अर्थ लावेल.

मशीन ट्रॅव्हल्सने महामार्गावरच्या कसाल तिठ्यावर पहाटे उतरलं, ९०० रुपये भाडं आमच्या गळ्यात. त्याचा फोन लगेच: चालू करून बघा आणि पैसे टाका, आज हप्ता जायचाय. चालू केलं. डेस्कटॉप आला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये १६६० सुपर. डिस्क एक टीबी. रॅम १६ जीबी. २८,००० परत पाठवले.

डोकं फिरतं ते पुढच्या गोष्टीने. एचडीएमआय केबल कार्डात खुपसली तेव्हा नजर मागच्या बाजूवरच होती. बोर्डाचे पोर्ट गंजलेले, एसएमपीएसच्या जाळीचे स्क्रू तपकिरी, कॅबिनेटची कड फुगलेली. आणि मधोमध कार्डाची पोर्टांची धातूची पट्टी आरशासारखी चकचकीत. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर तीन पावसाळे काढलेल्या मशीनमध्ये एकच पट्टी चकचकीत राहते कशी? राहूच शकत नाही. तेवढं पुरेसं होतं. तिथेच साइड पॅनल उघडायला हवं होतं, दोन थंबस्क्रू, एक मिनिटाचं काम. आणि फोनवर तो 'दादा, हप्ता, दादा, हप्ता' करत होता. घाई त्याची होती, ठरवून केलेली.

पैसे पाठवून झाल्यावर उघडलं, तेव्हा सगळं उजेडात आलं. कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेडमध्ये आमच्या कार्डाची मेमरी सॅमसंगची होती, याच्यात मायक्रॉन. स्टिकरवरचा सिरियल नंबर आमच्या खोक्यावरच्या नंबराशी जुळत नाही. रॅम २६६६ चीच निघाली, एक्सएमपीचा पर्यायच नाही. एनव्हीएमई काढून तिथे कुठल्यातरी अनोळखी कंपनीची स्वस्तातली एक टीबी, त्यावर आमच्यासारखाच वॉलपेपर. हे वॉलपेपरचं बघितल्यावर जास्त चिडलो. हिशेब असा: कार्डाचे ८,५०० पुरे गेले, रॅममधला फरक ९००, डिस्कमधला १,९००, ट्रॅव्हल्सचं भाडं ९००. एकूण १२,२००.

'सिरियल नंबर टिपून ठेवायचे होते' असं सांगायला आता पुष्कळजण येतात. खोकं होतं, नंबर होता, म्हणून तर पकडलं. पण पैसे परत करण्याआधी तो ताडून बघायची पद्धत कोण पाळतं? आता पाळा. आमच्यासारख्या एनव्हीडियाच्या जीफोर्स कार्डाचा सिरियल नंबर सॉफ्टवेअरला कळत नाही, फक्त स्टिकरवर असतो, आणि स्टिकर सोलून दुसऱ्यावर चिकटवता येतो. म्हणून एनव्हीडिया-एसएमआय ही आज्ञा वजा एल लावून (nvidia-smi -L) चालवा. ती प्रत्येक चिपचा स्वतंत्र लांबलचक ओळख क्रमांक, यूयूआयडी, दाखवते. तो बदलता येत नाही. त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि गिऱ्हाईकाला त्याच्याच व्हॉट्सॲपवर पाठवून 'मिळालं' असं लिहून घ्या. रॅमसाठी सीपीयू-झेड या प्रोग्रामचा एसपीडी टॅब: पार्ट नंबर, सिरियल, कुठल्या आठवड्यात बनली ते. डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम, त्यात सिरियलबरोबर किती तास चालली तेही येतं, आणि हे तास कमी झालेले दिसले तर आणखी काही तपासायची गरज नाही. प्रोसेसरचा नंबर झाकणावर कोरलेला असतो, कूलरच्या थर्मल पेस्टच्या खाली, म्हणून जोडतानाच फोटो घ्या. नंतर बघायला कूलर थंड मशीनवर सरळ ओढलात तर एएम४ सॉकेटचा प्रोसेसर (आमचा रायझन त्यातलाच) पेस्टला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी मशीन तापवायचं, मग कूलर पिळत सोडवायचा.

कार्डाच्या पट्टीचा स्क्रू आणि रॅमच्या क्लिपा यांवर नेलपेंटचा ठिपका द्या, कुणी उघडलं तर तो तुटलेला दिसतो. वॉरंटी स्टिकर बाजारात शेकड्याने मिळतात, त्यांच्यावर विसंबू नका.

परतीचा शब्द द्यायचाच असेल तर 'मशीन घेऊन स्वतः या, समोर उघडू, तासभर ताण देऊन बघू, मग पैसे' असाच द्या. ओसीसीटी या प्रोग्राममध्ये कार्डाच्या मेमरीची वेगळी चाचणी आहे, ती चुका मोजून दाखवते, ठिपके दिसायची वाट बघावी लागत नाही. ट्रॅव्हल्सने परत आलेलं मशीन घेऊच नका. घ्यावंच लागलं तर खोकं फोडण्यापासून अखंड व्हिडिओ. आणि लांबच्या गिऱ्हाईकाला अख्खं मशीन विकण्यापेक्षा कार्ड वेगळं विका. सगळ्यात महाग तेच, बदललं जातं तेच, आणि महामार्गाच्या खड्ड्यांत स्लॉट मोडतं तेही तेच.

आता सरकारी बाजू. तालुक्याच्या ठाण्यात अर्ज घेऊन गेल्यावर पहिला प्रश्न: 'पैसे तुमीच पाठवलात मा? मगे फसवणूक खयची?' पिन आमचा, बोट आमचं, म्हणजे सायबर गुन्हा नाही. मग म्हणाले कार्ड मुंबईत बदललं, तिकडे जा. मग म्हणाले हा दिवाणी मामला, वकील बघा. मग म्हणाले ग्राहक मंचात जा. अहो, ग्राहक तो होता, आम्ही विकणारे, आम्हाला ग्राहक मंच कशाला उभा करेल? जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो तर तिथे ओटीपी गेला का एवढंच विचारतात. ओटीपी गेला नाही म्हटलं की चेहऱ्यावर सुटका दिसते. जुना सिरियल, नवा सिरियल, दोन फोटो शेजारी ठेवून दाखवले. साहेबांनी विचारलं, 'पण कॉम्प्युटर चालू होतोय ना?' चालू होतोय! उद्या कुणी गाडीचं इंजिन बदलून दिलं तर हॉर्न वाजतोय ना म्हणून घरी पाठवाल का? बँकेने लेखी कळवलं की व्यवहार खातेदाराच्या, म्हणजे आमच्या, संमतीने झाला. ज्या ॲपवर जाहिरात दिली होती त्याचं उत्तर मशीनच देतं, माणूस नाही. आणि त्या बहाद्दराचं खातं तिथे अजून चालू आहे.

ठाण्यात जाणाऱ्याने हे पाठ करून जावं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, पोटकलम ४: फसवून मालमत्ता द्यायला लावणं, सात वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र. खोटं सांगून परत घेतलेले २८,००० ही ती मालमत्ता. 'आमच्या हद्दीत नाही' हे उत्तर चालत नाही, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. नाकारली तर त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमाखाली पोलीस अधीक्षकांना टपालाने अर्ज पाठवता येतो, त्यानंतर न्यायदंडाधिकारी. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपा. १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर, ऑनलाइन पैसे गेले असतील तर तातडीने लावायचा.

आणि बिलं. ठाण्यात शेवटी गाडी बिलावर येऊन अडते: हे कार्ड तुमचंच होतं कशावरून? दुकानांची बिलं थर्मल कागदावर असतात आणि इथल्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत कोरी पडतात. आमच्या बिलावर दुकानाचा शिक्का तेवढा शिल्लक होता. ज्या दिवशी भाग घ्याल त्याच दिवशी झेरॉक्स काढा, बिलावर सिरियल नंबर दुकानदाराकडून पेनाने लिहून घ्या, आणि मूळ बिल प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालू नका, त्यात अक्षरं आणखी लवकर उडतात.