सेसना १७२ एस : हँगरमधून

मी विमान उडवत नाही, उघडते. विदर्भातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये मेंटेनन्स इंजिनिअर आहे, त्यामुळे सेसना १७२ एसची झाकणं काढणं-लावणं हेच रोजचं काम. १९५६ साली बाजारात आलेलं १७२ हे मॉडेल, सगळे प्रकार धरून, आजवर ४४,००० च्या वर बनलंय. इतकं दुसरं कुठलंच विमान बनलेलं नाही. आमची पोरं त्याला म्हातारं म्हणतात. म्हणू देत. शिकाऊ हातांत द्यायला मी तरी हेच निवडेन, कारण यात काही लपवलेलं नाही.

योक, म्हणजे पायलटच्या हातातलं चाक, फिरवलं की केबल, पुली, बेलक्रँक (दिशा बदलणारा दांडा) आणि थेट पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी, म्हणजे एलेरॉन. मधे ना हायड्रॉलिक, ना कॉम्प्युटर. पंखाखालची झाकणं काढली की ही सगळी वाट हातानं चाचपता येते. रडरचे, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूचे, पॅडल स्प्रिंगमार्फत पुढच्या चाकालाही जोडलेत, पण त्यानं चाक साधारण १० अंशच वळतं. जास्त वळवायचं तर त्या बाजूचा ब्रेक दाबायचा. नवी पोरं टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, योकच स्टिअरिंगसारखा फिरवत बसतात आणि विमान आपलं सरळ चालत राहतं.

स्टॉल म्हणजे पंखाची उचल सुटणं, आणि त्याची सूचना देणारी स्टॉल वॉर्निंग तर माझी लाडकी. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छिद्र, आत बाजाच्या पेटीत असते तशी पत्ती. पंख स्टॉलच्या जवळ गेला की छिद्रापाशी दाब घटतो, आतली हवा ओढली जाते आणि पायलटच्या कानाशी भोंगा वाजतो. वीज लागतच नाही. तपासायची रीत मॅन्युअलमध्येच दिली आहे: छिद्रावर स्वच्छ रुमाल धरायचा आणि तोंडानं हवा ओढायची. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, बाई पंखाचा मुका घेतायत.

इंधन पंखांतल्या टाक्यांतून आपल्याच वजनानं खाली येतं. सिलेक्टर ‘बोथ’वर ठेवला की टाकी बदलायची आठवण ठेवावी लागत नाही, पंख खाली असलेल्या पायपर विमानांमध्ये ती ठेवावीच लागते. इंधनात पाणी आहे का ते बघायच्या निचऱ्याच्या जागा मात्र १३ आहेत, प्रत्येक पंखाखाली ५ आणि नाकाखाली ३. पोरं कंटाळतात. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालेलं असलं की कपातल्या निळ्या ॲवगॅसच्या (विमानाच्या पेट्रोलच्या) तळाशी पाण्याचा बिनरंगी थेंब डुलताना दिसतो. तो दिसायचा थांबेपर्यंत काढत राहायचं. आणि पॅनेलवरच्या इंधनाच्या काट्यावर विसंबू नका, टाकीत डिपस्टिक घालून बघा.

इंजिन लायकमिंग कंपनीचं, आयओ-३६०, इंधन इंजेक्शनवालं, १८० हॉर्सपॉवर. दोन मॅग्नेटो आपली ठिणगी आपणच तयार करतात, म्हणून बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही गेले तरी इंजिन चालू राहतं. उड्डाणाआधी १,८०० आरपीएमवर एकेका मॅग्नेटोवर चालवून बघायचं: घट १५० च्या आत हवी, दोघांमधला फरक ५० च्या आत. पण मॅग्नेटोला बंद करणारी ग्राउंड वायर तुटलेली असेल तर किल्ली खिशात असतानाही प्रोपेलर हातानं फिरवल्यावर इंजिन पेटू शकतं. प्रोपेलरला टेकून फोटो काढणाऱ्यांवर मी ओरडते ते याचसाठी.

तक्रार आहे ती गरम स्टार्टची. मे महिन्यातल्या दुपारी एक सॉर्टी (उड्डाणफेरी) संपवून लगेच दुसरी काढायची म्हटलं की सिलिंडरांवरच्या बारीक नळ्यांत इंधनाची वाफ झालेली असते आणि स्टार्टर नुसता कण्हत बसतो. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या १७२ ला हा त्रास कमी, पण तिथे कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतं. दोन्हींतून निवडायचं तर मला वाफ परवडली.

सीटचा रूळ ही या घराण्याची जुनी खोड. पिन भोकात नीट बसली नाही तर टेकऑफच्या वेळी सीट मागे घसरते, पायलट योक धरूनच मागे जातो आणि नाक वर उठतं. हे रूळ आणि पिना तपासणं अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामकानं, एफएएनं, १९८७ मध्ये सक्तीचं केलं. आम्ही पोरांना सीटवर बसून दोनदा हिसका द्यायला लावतो.

जी१००० या डिजिटल पॅनेलच्या पडद्यांचं कौतुक पायलटांनी करावं. माझ्या दृष्टीनं शिकायला गोल डायलच बरे, आणि दुरुस्तीलाही स्वस्त.

सेकंड हँड घेणार असाल तर रंग आणि रेडिओ नंतर बघा. आधी काउलिंग, म्हणजे इंजिनवरचं आवरण, काढायला सांगा. पुढच्या चाकाचा दांडा फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला, बोल्टनं जोडलेला असतो, त्यामुळे नाकावर आपटलेल्या लँडिंगची खूण तिथे राहते. टॉर्च तिरपा धरला की पत्र्यातली सुरकुती लगेच दिसते. मग सीट पुढे-मागे करून रुळाची भोकं लांबट झालीत का ते पाहा. मालक काउलिंग काढायला का-कू करू लागला तर चहा घ्या आणि परत या.