प्रिव्हेटचा बोन्साय: कुंपणातला जुना बुंधा घ्यावा की फांदी लावून रोप वाढवावं?

प्रिव्हेट म्हणजे कुंपणाला लावतात ते दाट वाढणारं झुडूप. त्याचा बोन्साय करायचं ठरलं की सुरुवात दोन प्रकारे करता येते. कुणी जुनं कुंपण काढून टाकत असेल तर तिथला मनगटाएवढा बुंधा मुळांसकट उचलून आणायचा. नाहीतर पेन्सिलीएवढी फांदी कुंडीत खोचायची आणि तिचं खोड होईपर्यंत वाढवत राहायचं. झाड तेच, पण पुढच्या आठ-दहा वर्षांत तुमच्या हातांना मिळणारं काम अगदी वेगळं. मी दोन्ही केलंय, म्हणून मत आधीच सांगतो. बुंध्याचा तळ चांगला असेल तर बुंधाच घ्या. तळ वाईट असेल तर तो कितीही जाड आणि जुना असला तरी मोह सोडा आणि फांदी लावा.

तळ म्हणजे मुळं पसरायला लागतात तिथपासून वरचं दहा-बारा सेंटीमीटर खोड. एवढ्यावर सगळं का ठरतं? प्रिव्हेटला फांद्या हव्या तेवढ्या मिळतात. खोड उघडंबोडकं करून ठेवलं तरी सालीतले सुप्त डोळे जागे होतात आणि जुन्या लाकडातूनही फुटवे येतात. पाइनचं जुनं लाकूड असं उघडं केलं तर बहुधा झाडच जातं. म्हणजे प्रिव्हेटच्या वरच्या भागातली जवळपास कुठलीही चूक पुन्हा दुरुस्त करता येते. पायथ्याशी एकाच बाजूला असलेली मुळं किंवा खाली बारीक आणि वर जाड झालेलं खोड मात्र सहजासहजी बदलत नाही.

कुंपणातल्या झाडांचं इथेच अडतं. ती एकमेकांना खेटून लावलेली असतात, त्यामुळे मुळं बहुतेक दोनच बाजूंना गेलेली. वर्षानुवर्षं एकाच उंचीवर कातरल्यामुळे तिथे गाठींचा गड्डा झालेला असतो. म्हणून फावडं लावण्याआधी बुंध्याभोवतीची माती बोटांनी बाजूला करून बघा. निदान तीन दिशांना मुळं निघालेली हवीत. शिवाय खोड जमिनीशी सर्वांत जाड असायला हवं, किंवा तिथूनच दोन-तीन खोडं सुंदर फुटलेली असावीत. हे पाहताना थोडी साल खरवडून बघा. आत हिरवं-ओलसर दिसलं तर लाकूड जिवंत आहे. पायथ्याच्या सालीखाली पांढरा, कागदासारखा पातळ थर आणि अळंब्यासारखा वास आला, तर ती हनी फंगस, म्हणजे मुळं कुजवणारी बुरशी, असण्याची शक्यता मोठी. प्रिव्हेट तिला फार लवकर बळी पडतं. असा बुंधा घरी आणूच नका.

बुंधा काढायचा तो डोळे फुगायच्या जरा आधी. झाडाने साठवलेलं अन्न तेव्हा खोडात आणि मुळांत असतं. जाड मुळं आखूड कापायची आणि खोडाजवळची केसासारखी बारीक मुळं जपायची. वर खोड निमुळतं होताना दिसेल तिथे कापा, शंका असेल तर चार-पाच सेंटीमीटर वर. लावायच्या पेटीत मातीऐवजी भरायचं माध्यम भरड हवं: प्युमिस (सच्छिद्र ज्वालामुखी दगड), चाळलेली बारीक खडी, असं काहीतरी, ज्यात पाणी थांबत नाही. मग बुंधा पेटीला तारेने घट्ट बांधा. ही पायरी लोक गाळतात. वाऱ्याने किंवा कुंडी उचलताना बुंधा हलला की नुकती फुटलेली पांढरी मुळं तुटतात आणि वरून काहीच कळत नाही.

पुढचे पाच-सहा आठवडे रोज बघायचं आणि हात लावायचा नाही. मग एके सकाळी करड्या सालीवर टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे ठिपके दिसतात. आठवड्याभरात त्यांची जोडीजोडीने पानं होतात. मला बोन्सायमध्ये याहून आनंदाचा क्षण ठाऊक नाही. पण तेव्हाही घाई नको. पहिले फुटवे साठवलेल्या अन्नावर येतात, खाली मुळं नसतानाही. काही बुंधे महिनाभर हिरवे दिसून अचानक माना टाकतात ते यामुळेच. फुटवे हातभर लांब होऊन जोरात वाढायला लागले की मुळं धरली असं समजा. तोवर खत नाही, छाटणी नाही. नको असलेले फुटवेसुद्धा पहिल्या हंगामात राहू द्या, कारण मुळांना अन्न त्याच पानांतून मिळणार असतं.

बुंध्याची उणी बाजू म्हणजे काप. मनगटाएवढ्या खोडाचा माथा छाटल्यावर जी गोल जखम उरते, ती साल वाढून पूर्ण झाकली जायला कित्येक वर्षं लागतात, आणि अनेकदा ती झाकली जातच नाही. कापाखालचं लाकूड जवळच्या जिवंत डोळ्यापर्यंत वाळत जातं. म्हणून माथा कापताना त्याच्या कडेला एखादा फुटवा येईल अशी जागा शोधावी आणि काप मागच्या बाजूला उतरता ठेवावा. वाळलेला भाग कोरून त्याची ढोली केली तर प्रिव्हेटला ती शोभतेही, जुन्या रानातल्या झाडासारखी. ज्यांना गुळगुळीत, निर्दोष खोड हवं असतं त्यांना मात्र बुंधा कायम खटकत राहील.

तशा माणसाने फांदी लावावी. प्रिव्हेटची फांदी रुजवणं अवघड नाही. थंडीत पेन्सिलीएवढ्या जाडीचे वीसेक सेंटीमीटरचे पक्के तुकडे घ्या, किंवा उन्हाळ्यात अर्धवट पक्व झालेले दहा-पंधरा सेंटीमीटरचे, आणि ओलसर माध्यमात खोचून सावलीत ठेवा. मुळं फुटली की रोप एखाद्या सपाट कौलाच्या तुकड्यावर मुळं चहूकडे पसरवून बसवायचं आणि वरून माती द्यायची. खाली जायला वाट नसल्याने मुळं आडवी जातात, आणि कुंपणातल्या झाडाला जे सहसा लाभत नाही ते सगळीकडून पसरलेलं मूळ मिळतं. खोड कोवळं असतानाच तारेने त्याला वळण देता येतं. जखमा लहान राहतात, भरूनही येतात.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. रोप लहान, देखण्या कुंडीत ठेवलं तर ते पाच वर्षांनीही जवळपास पेन्सिलीएवढंच असतं. नव्या माणसाची निराशा सर्वांत जास्त इथेच होते. खोड जाड करायचं तर रोप जमिनीत किंवा मोठ्या पेटीत मोकळं वाढू द्यायचं, पाणसोट (सरळ वर जाणारे जोमदार फुटवे) उंच जाऊ द्यायचे, मग खाली कापायचं, नवा शेंडा धरायचा आणि पुन्हा वाढू द्यायचं. दर कापागणिक खोड निमुळतं होत जातं. जमिनीतसुद्धा अंगठ्याच्या दुप्पट जाडी यायला सहा-सात वर्षं धरूनच चला.

म्हणजे बुंधा घेणाऱ्याला खोड आयतं मिळतं आणि तो दुसऱ्या वर्षापासूनच फांद्या घडवायला शिकतो. फांदी लावणारा खोड घडवायला शिकतो, फांद्यांचं काम त्याच्या हाती फार उशिरा येतं. पहिलाच बोन्साय असेल तर मी बुंध्याकडे झुकतो, कारण दोन-तीन वर्षांत समोर झाडासारखं काहीतरी दिसतं आणि हुरूप टिकतो.

जात कुठली, हाही प्रश्न येतो. रोप निवडायला मोकळीक असेल तर चायनीज प्रिव्हेट घ्या. त्याची पानं मुळातच लहान असतात. कुंपणात बहुधा मूळची जपान-कोरियाकडची ओव्हल-लीफ प्रिव्हेट भेटते. तिची पानं थोडी मोठी, पण वारंवार छाटल्याने बरीच लहान होतात, आणि जोम तर विचारू नका. युरोपातली कॉमन प्रिव्हेटही चांगली, फक्त थंडीत ती बरीचशी पानं गाळते. ग्लॉसी प्रिव्हेट टाळा, तिची पानं तळहाताएवढी होऊ शकतात.

पुढची निगा दोन्हींची सारखीच. पानं समोरासमोर येतात, त्यामुळे प्रत्येक छाटणीनंतर दोन फुटवे निघतात. एकाच जागी तीन-चार झाले तर दोनच ठेवा, नाहीतर तिथे गाठ सुजते. फुटव्याला पाच-सहा जोड्या येऊ द्या, मग एक-दोन जोड्यांवर छाटा. तार कोवळ्या फांदीलाच बांधा, जुनी फांदी कडकन मोडते. माझ्या एका झाडावर भर वाढीच्या दिवसांत तार पाच आठवडे राहिली आणि सालीत रुतलेली वळी अजून दिसतात. त्या दिवसांत तार दर आठवड्याला तपासायची. कुंडी कोरडी पडू देऊ नका, ऊन भरपूर द्या. घरात अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं की आतली पानं पिवळी पडून गळतात. मावा आणि फुलकिडे कोवळ्या शेंड्यांवर येतात, म्हणून पानं उलटून बघायची सवय ठेवा. मुळांची छाटणी आणि माती बदलणं लहान वयात दर दोन वर्षांनी, नंतर तीन-चार वर्षांनी.

फळांबाबत मात्र काळजी घ्या. काळी फळं माणसाला विषारी असतात. पक्ष्यांनी ती नेऊन न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या आग्नेय भागात प्रिव्हेटचं तण माजवलं आहे. फुलं शेंड्यांवरच येतात, त्यामुळे नियमित छाटलेल्या बोन्सायला ती क्वचितच लागतात. आलीच तर फळ धरायच्या आत तुरे काढून टाका.

बुंधा काढायच्या दिवशी माथ्याच्या छाटलेल्या फांद्या फेकू नका. त्यांतले पेन्सिलीएवढे दहा-बारा तुकडे निवडा, प्रत्येकाचं खालचं टोक तिरकं कापा आणि बुंध्याच्या पेटीशेजारी एका कुंडीत ओळीने खोचून ठेवा. बुंध्यावर हिरवे ठिपके येईपर्यंतच्या त्या आठवड्यांत या कुंडीकडेही रोज लक्ष द्या, तिची माती सुकू देऊ नका.