आधी ‘स्पिरिटेड अवे’ की आधी ‘कागुया’?

हाताने काढलेले जपानी ॲनिमेशनपट कुठून बघायला सुरुवात करू, असं कुणी विचारलं की लोक दहा नावं सांगतात आणि विचारणारा शेवटी एकही बघत नाही. म्हणून इथे दोनच घेतोय. दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा ‘स्पिरिटेड अवे’ (2001) आणि दिग्दर्शक इसाओ ताकाहातांचा ‘द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया’ (2013). दोन्ही स्टुडिओ जिब्ली या जपानी ॲनिमेशन कंपनीचे, दोन्हींना संगीत संगीतकार जो हिसाइशी यांचं. पण एक आवडला म्हणून दुसरा आवडेलच, असं काही नाही.

आधी एक शंका मिटवू: यातलं सगळं खरंच हाताने काढलंय का? दोन्हींत पात्रं कागदावर हाताने काढलेली आहेत, पण रंग भरायला आणि थर जुळवायला संगणक वापरलाय. त्यामुळे ‘अस्सल’ कुठला, हा वाद घालण्यात अर्थ नाही.

‘स्पिरिटेड अवे’मध्ये दहा वर्षांच्या चिहिरोच्या आईवडिलांची डुकरं होतात आणि तिला देवादिकांच्या स्नानगृहात कामाला लागावं लागतं. पडदा गच्च भरलेला: वाफ, गालिचे, खाण्याची ताटं, चित्रविचित्र गिऱ्हाइकं. पहिल्यांदा बघताना डोळे दिपतात ते याने. मला मात्र खरी कमाल बारीकसारीक हालचालींत दिसते. बूट घातल्यावर चिहिरो त्याचं टोक जमिनीवर आपटते, पाय नीट आत बसावा म्हणून. कथेला याचा काडीचा उपयोग नाही, तरी कुणीतरी बसून ते काढलंय. ड्रॅगनच्या तोंडात औषध कोंबायचा प्रसंग आहे; तो काढण्याआधी चित्रकारांची मंडळी जनावरांच्या दवाखान्यात गेली आणि कुत्र्याचा जबडा उघडताना कसा दिसतो ते बघून आली. ड्रॅगन खोटा, पण त्याचं दात आवळून धरणं खरं वाटतं ते त्यामुळे.

‘कागुया’ची जात वेगळी. बांबूत सापडलेल्या कागुया नावाच्या मुलीची जपानमधली हजारेक वर्षं जुनी कथा, आणि चित्रं जलरंगात भराभर काढून ठेवल्यासारखी. कडेला कागद कोराच सोडलेला. एरवी ॲनिमेशनमध्ये कच्ची रेघ पुसून एकसारखी, स्वच्छ करतात. इथे चित्रकार ओसामू तानाबे यांच्या पेन्सिलीची जाडबारीक, मध्येच तुटणारी रेघ तशीच ठेवलीय. ताकाहाता स्वतः चित्रकार नव्हते, हे मला फार बोलकं वाटतं. हात दुसऱ्यांचे, हट्ट त्यांचा.

त्या रेघेचं काम बघायचं तर दोन प्रसंग बघा. बाळ रांगायला लागतं तेव्हा गावातली पोरं एका बाजूने ‘बांबूचा कोंब’ म्हणून हाका मारतात, दुसरीकडून म्हातारा बाप ‘राजकन्ये, इकडे ये’ म्हणून जीव तोडून ओरडतो. बाळाचं अंग चारदोन रेघांचं, पण त्याचं वजन जाणवतं. दुसरा प्रसंग मेजवानीचा. दारू प्यालेले पाहुणे मोठ्या झालेल्या कागुयाची टिंगल करतात आणि ती उठून पळत सुटते. भरजरी वस्त्रं एकेक करून मागे पडतात आणि चित्र विस्कटत जातं, शेवटी नुसते कोळशाने ओढल्यासारखे फराटे उरतात. राग चेहऱ्यावर न दाखवता रेघेत दाखवलेला मी दुसरीकडे फारसा पाहिलेला नाही.

पैशाच्या हिशेबात तुलनाच नको. ‘स्पिरिटेड अवे’ने जपानमध्ये 30 अब्ज येनहून जास्त गल्ला जमवला, 2020पर्यंत तो विक्रम मोडला नव्हता, शिवाय 2003चा ऑस्कर. ‘कागुया’वर सुमारे 5 अब्ज येन खर्च झाले आणि ते तिकीटबारीवर परत आले नाहीत. ऑस्करचं नामांकन मिळालं, तेवढंच.

आता तुमचं बघू. घरातल्यांबरोबर बसणार असाल तर ‘स्पिरिटेड अवे’. सव्वादोन तासांच्या आत संपतो आणि कुणी कंटाळत नाही. फक्त सहा-सात वर्षांची मुलं त्या डुकरांना आणि मुखवटेवाल्या भुताच्या खादाडपणाला घाबरू शकतात. त्यांच्यासाठी 1988चा ‘माय नेबर तोतोरो’ लावा, दीड तासही नाही. ‘कागुया’ 137 मिनिटांचा, मधला राजधानीतला भाग रेंगाळतो, आणि शेवट जड आहे.

पण तुम्ही स्वतः चित्रं काढत असाल, जलरंगाचा नाद असेल, तर सरळ ‘कागुया’पासून सुरुवात करा, माझं मत तरी तेच. फक्त फोनवर नको. ‘स्पिरिटेड अवे’ लहान पडद्यावर निभावून जातो, ‘कागुया’ची रेघ तिथे हरवते. दोन्हींना आवाज जपानीच ठेवा. मुलांना सबटायटल्स वाचायला जमत नसतील तर शेजारी बसून मराठीत सांगत जा. ‘स्पिरिटेड अवे’त ते सहज जमतं, ‘कागुया’त बोलायची गरजच कमी पडते.