पुण्यातला रिंग ट्रेनिंग क्लास: रविवारची बॅच मस्त, घरी येऊन शिकवायचं पॅकेज नको रे बाबा

आधीच सांगतो, पिल्लाला डॉग शोसाठी तयार करायचं असेल तर क्लास लावा, पण फक्त रविवार सकाळची ग्रुप बॅच. ते घरी येऊन शिकवायचं महागडं पॅकेज गळ्यात मारतात ना, ते घेऊ नका. क्लासचं नाव टाकत नाहीये कारण मी जिथे जिथे चौकशी केली तिथे साधारण हेच दोन पर्याय होते. आम्ही दोन्ही लावले, ग्रुप बॅचचे महिन्याला २,५०० रुपये आणि घरच्या पॅकेजचे १२,०००, आणि फरक पैशाच्या बरोबर उलटा निघाला.

आमचा तुफान कारवान आहे, नर, सोलापूर जिल्ह्यातून आणलेला. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, कारवान म्हणजे आपल्याच मातीतला शिकारी कुत्रा, लातूर सोलापूर सांगली पट्ट्यात मेंढपाळांकडे, शेतकऱ्यांकडे दिसतो, लांब तोंड, खोल छाती, पोट आत गेलेलं आणि ससा दिसला की मालक कोण ते विसरणारा. कर्नाटकात गेलात की लोक मुधोळ म्हणतात, दोन्ही एकच की वेगळे हे भांडण जुनं आहे त्यात मी पडत नाही. केनेल क्लब ऑफ इंडियाची कारवानला मान्यता आहे, एफसीआय म्हणजे कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत मात्र नाही. बाकी भारतीय शोमध्ये उतरवायला काही अडचण नाही, केनेल क्लबची नोंदणी आणि मायक्रोचिप हवी बस.

आता कारवानचा स्वभाव असा की परक्या माणसाने हात लावलेला त्याला अजिबात खपत नाही. चावेलच असं नाही, पण अंग चोरतो, मागे सरतो, शेपूट पायात. आणि रिंगमध्ये, म्हणजे शोच्या मैदानात कुत्रे तपासतात त्या जागेत, नेमकं तेच होतं, अनोळखी जज येतो, ओठ वर करून दात बघतो, खांद्यावरून पाठीवरून मांडीपर्यंत हात फिरवतो, नर असेल तर दोन्ही अंडकोष खाली उतरलेत का तेही चाचपतो. हे घरी कितीही शिकवा, घरचे हात शेवटी घरचेच. ग्रुप बॅचची खरी किंमत इथे आहे. दर रविवारी तिथे सगळे मालक आळीपाळीने जज बनतात, कोणी टोपी घालून, कोणी गॉगल लावून, एक आजोबा तर काठी घेऊन येतात, आणि ओळीने प्रत्येक कुत्र्याला तपासतात. छोट्या जातींसाठी टेबल पण ठेवलेलं आहे, कारण पग किंवा पॉमेरियन वगैरेंना जज टेबलवर उभं करून बघतो. सुरुवातीला नुसता हात पुढे करून खाऊ द्यायचा, मग पाठीला एक स्पर्श, मग दात, असं हळूहळू वाढवत नेतात, घाई नाही. चार ते सहा महिन्यांत दुधाचे दात पडत असतात, हिरड्या दुखत असतात, तेव्हा फक्त ओठ उचलून लगेच सोडायला सांगतात. तेव्हा जोर केला तर पिल्लू आयुष्यभर तोंडाला हात लावू देत नाही असं सर म्हणाले आणि मला ते पटलं.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे पहिल्या दिवशी कुत्रा बाजूला बांधायला लावतात आणि माणसांना रिकामी लीड (कुत्र्याचा पट्टा) हातात धरून पळवतात 😄 हसू येतं, पण आमच्यासारख्या नवख्यांना फार गरजेचं आहे. रिंगमध्ये घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं, कुत्रा डाव्या हाताला, म्हणजे मधे उभ्या असलेल्या जजला कुत्रा दिसतो आणि तुम्ही आड येत नाही. मग एकेकट्याला सरळ जा ये करायला लावतात, जाताना जज मागचे पाय बघतो, येताना पुढचे, किंवा त्रिकोणात पळवतात म्हणजे बाजूनेही बघता येतं. वळताना हात कुठला, नजर कुठे, थांबायचं किती अंतरावर, हे आधी आपल्या अंगात बसलं पाहिजे.

चाल म्हणजे दुडकी हवी, पुढचा एक आणि त्याच्या तिरका मागचा पाय एकत्र पडला पाहिजे. आमचा तुफान हळू नेला की एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलून उंटासारखा डुलत चालायचा, सरांनी सांगितलं वेग थोडा वाढवा, लगेच सुधारलं. बास, एवढंच. हे मला घरी कोणी सांगितलं नव्हतं आणि १२,००० वाल्यालाही दिसलं नव्हतं.

आता त्या पॅकेजवर येतो. घरी येणारा मुलगा वागायला चांगला, वेळेवर यायचा, पण सगळा पहिला महिना त्याने "सीट, डाऊन, शेकहँड" मध्ये घालवला. आईबाबा खूश, शेजारच्या काकू खूश, सोसायटीतली पोरं तर फारच खूश. पण शोच्या पिल्लाला थांबला की उभं राहायची सवय लागली पाहिजे, कारण जजला तो उभाच बघायचा असतो. इकडे हा खाऊ दिसला की पटकन बूड टेकतो, कारण बसलं की कलेजी मिळते हे डोक्यात पक्कं. रविवारच्या बॅचमध्ये मग ते सोडवण्यात वेळ गेला. तिथे आधी उभं राहणं शिकवतात, खाऊ नाकाच्या रेषेत धरायचा, वर नाही, वर धरला की कुत्रा बसतोच. बसणं नंतर शिकवलं तरी चालतं, दोन्हीला वेगळे शब्द आणि शक्यतो वेगळी लीड वापरायची.

त्यात ते घरचं ट्रेनिंग व्हायचं पार्किंगमध्ये, गुळगुळीत फरशीवर, पिल्लाचे पाय फाकायचे. मग म्हणे स्कूटरच्या मागे पळवा दम वाढेल. आमच्या डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं, वाढत्या वयात हाडांची टोकं कच्ची असतात, सक्तीचं लांब पळवणं नको, पिल्लू स्वतःहून खेळेल तेवढं ठीक. कॅल्शियमची पावडर पण त्यानेच आणून दिली, वेगळे पैसे घेऊन. मोठ्या जातीच्या पिल्लाला पिल्लांसाठीचं तयार फूड चालू असताना वरून कॅल्शियम दिलं तर हाडांना उलट त्रास होऊ शकतो, हेही डॉक्टरांकडूनच कळलं. डबा तसाच सीलबंद पडलाय, परत घेत नाहीयेत.

ग्रुप बॅचमध्ये सगळं छानच आहे असं नाही हां. थंडीत शोचा सीझन सुरू झाला की गर्दी होते आणि एका कुत्र्याच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटं येतात, बाकी वेळ आपण चहा पीत उभे. सगळ्या जातींना एकच पद्धत लावायची सवय आहे. जर्मन शेफर्ड एक मागचा पाय मागे ताणून उभा करतात, कारवानला तसं करायचं नसतं, चारही पाय मोकळे, नैसर्गिक. आणि लीड वर ताणून धरायला लावतात, त्याने लांब मानेच्या कुत्र्याची पुढची चाल पार बिघडते, पाय हवेत टपटप पडतात. मी सैल धरतो म्हटल्यावर सर म्हणाले बरं, तुमच्या जातीला चालेल. म्हणजे त्यांना माहिती आहे, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

लसीकरणाचं कार्ड गेटवरच बघतात, याला फुल मार्क. लसी पूर्ण नसलेल्या पिल्लाला खाली सोडू देत नाहीत, पण मांडीवर घेऊन बाजूला बसा म्हणतात, आणि हे खरंच करा. पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत पिल्लू जे आवाज, माणसं, कुत्रे बघतं त्याची भीती नंतर कमी वाटते. त्या वेळी आम्ही तुफानला शालीत गुंडाळून न्यायचो, शेजारी ग्रेट डेन भुंकतोय आणि हा झोपलाय.

पहिल्या शोमध्ये बक्षीस काही मिळालं नाही, पण जजने दात बघितले, अंगावरून हात फिरवला आणि पठ्ठ्या जागचा हलला नाही. त्या दिवसासाठी मला एवढंच हवं होतं. चालताना एकदा कबुतर दिसलं ते सोडून द्या.

उकडलेली कलेजी बारीक तुकडे करून, थोडी कोरडी भाजून न्या, नाहीतर खिसा वास मारतो. शोसाठी दुकानातली जाड चमकदार साखळी नको, क्लासमध्ये मिळते ती बारीक दोरीची लीड पुरते, कानामागे वर बसते आणि मान झाकत नाही. आणि दिवाळीनंतर नाव नोंदवायला गेलात तर जागा मिळत नाही, पावसाळ्यातच फी भरून टाका, तेव्हा शेडमध्ये बॅच घेतात आणि येणारे कमी असतात.